लिव्हरची कॅप्सूल आणि काखेतली काळी खपली

पावसाळा सरत आला, वावरातले सोयाबीन पिवळे पडू लागले की वर्धा जिल्ह्यातल्या भगिनींकडून आमच्याकडे तापाविषयीचे प्रश्न येऊ लागतात. यंदाचा एक प्रश्न जरा वेगळा होता. आर्वीकडच्या एका घरातली सून दहा-बारा दिवस तापाने फणफणली. ताप उतरला, पण अशक्तपणा काही जाईना. न्यू जर्सीत राहणाऱ्या दिराने फोनवर सांगितले, "भाभी, इकडे गोचीड चावून लाईम नावाचा आजार होतो. त्यातून उठलेले लोक टुडकाच्या कॅप्सूल घेतात, लिव्हर साफ होते. मी बाटली पाठवतो." घरच्यांनी आम्हाला दोन गोष्टी विचारल्या. ही बाटली द्यावी का? आणि ती हलाल आहे का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याआधी एक तिसरा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो कुणीच विचारलेला नव्हता. ताप होता तरी कशाचा?

लाईम हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचे नाव. १९७५च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे सांधे एकाएकी सुजू लागले, आणि शोध घेता घेता गोचिडीपर्यंत माग लागला. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने १९८१-८२मध्ये गोचिडीच्या पोटात त्याचा जंतू पाहिला, म्हणून त्या जंतूला बोरेलिया बर्गडॉर्फेराय म्हणतात. हा जंतू वाहून नेणारी गोचीड इक्सोडीस जातीची. आपल्या गोठ्यात गाई-म्हशींना आणि शेळ्यांना जी गोचीड चिकटलेली दिसते ती सहसा दुसऱ्या जातींची असते. भारतात लाईमचे रुग्ण तुरळक आढळले आहेत, पण वर्धा जिल्ह्यात भादव्यात आलेल्या तापाचा पहिला संशय लाईमवर घेणे म्हणजे दारातला चोर सोडून परमुलखात शोध घेणे.

दारातल्या चोराचे नाव स्क्रब टायफस. २०१८च्या पावसाळ्यात नागपूरच्या रुग्णालयांत याचे रुग्ण एकामागून एक दाखल झाले, काही दगावले, आणि तेव्हा हे नाव विदर्भातल्या वर्तमानपत्रांत झळकले. आजार मात्र त्याच्या कितीतरी आधीचा आहे. हा गोचिडीने नव्हे, तर तिच्या लांबच्या नात्यातल्या माइट नावाच्या बारीक किड्याने होतो. त्याची अळी इतकी लहान, की नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसते. उंदीर-घुशींच्या अंगावर ती जगते आणि गवताच्या पात्यावर बसून वाट पाहते. धुऱ्यावरचे गवत कापताना, निंदताना, सोयाबीन सोंगताना, झुडपात शौचाला बसताना ती माणसाच्या अंगावर चढते. चावते तेव्हा कळतसुद्धा नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. रक्तात प्लेटलेट कमी दिसतात, म्हणून घरोघरी 'डेंग्यू' ठरतो. लिव्हरचे आकडे वाढतात, डोळे पिवळसर होतात, मग तो 'कावीळ' ठरतो, आणि कुणी झाडपाला देते, कुणी गळ्यात माळ घालते.

या आजाराची एक खूण मात्र अशी आहे, की ती सापडली तर तपासणीच्या अहवालाचीही वाट पाहू नये. जिथे अळी चावली तिथे काळी खपली धरते, विडीचा चटका बसावा तशी. भोवती लालसर कडे. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोग्याला तिचा पत्ताच नसतो. सगळ्यांना ती येतेच असे नाही. पण आली तर ती काखेत, जांघेत, कमरेला नाडीच्या जागी, स्तनांखाली, गुडघ्यामागे, कधी कानामागे असते.

इथेच आमच्या घरांतली अडचण सुरू होते, आणि ती आम्ही आडपडदा न ठेवता लिहितो. या जागा कोणती बाई पुरुष डॉक्टरला दाखवणार? डॉक्टर विचारत नाही, ती सांगत नाही. बुरखा वर करून जीभ दाखवली, हात पुढे करून नाडी दाखवली, झाली तपासणी. इलाजासाठी आवश्यक तेवढे शरीर वैद्याला दाखवण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे, हे कोणताही आलिम सांगेल. तरी संकोच वाटत असेल तर दवाखान्यातल्या सिस्टरला सांगा. तेही नको असेल तर घरातच अम्मीने किंवा नणंदेने दार लावून, चांगल्या उजेडात डोक्यापासून पायापर्यंत अंग पाहावे आणि खपली दिसली तर डॉक्टरला तोंडाने सांगावे. दोन मिनिटांचे काम आहे.

कारण याचे औषध महाग नाही, दुर्मीळ नाही. डॉक्सिसायक्लिन, जुने आणि स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणारे. मोठ्या माणसाला सहसा १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. गरोदर बाईला बहुधा अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. वेळेवर सुरू केले तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत खाली येतो, इतका की ताप उतरणे हीच निदानाची एक खूण मानतात. आजार बळावून फुप्फुस, किडनी किंवा मेंदूपर्यंत गेला तर मात्र शिरेतून औषध द्यावे लागते. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या सात रुग्णालयांत झालेल्या चाचणीत असे दिसले, की गंभीर रुग्णांना ही दोन्ही औषधे एकत्र दिली तर एकेकटे देण्यापेक्षा गुण अधिक येतो. इलाजच झाला नाही तर या आजारात शंभरातले सरासरी सहा जण दगावतात.

आता खेड्यात घडते काय? ताप आला की सलाईन, आणि सलाईनमधून सेफ्ट्रायॅक्सोनचे इंजेक्शन. चांगले औषध आहे, टायफॉइडला चालते. पण स्क्रब टायफसचा जंतू आपल्या पेशींच्या आत लपून राहतो आणि या जातीच्या इंजेक्शनांना तो जुमानत नाही. पाच दिवस रोज पैसे जातात, ताप तिथेच. मग रक्त तपासले, लिव्हरचे आकडे वाढलेले दिसले, की चिठ्ठीत लिव्हरची गोळी वाढते.

ही लिव्हरची गोळी आणि दिराची बाटली सख्खी बहीण आहेत. दोघी पित्ताम्ले. पित्ताम्ल म्हणजे लिव्हर कोलेस्टेरॉलपासून तयार करते ते रसायन, ज्याने जेवणातले तेल-तूप पचते. आपल्याकडे चिठ्ठीवर मिळते ते उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. त्याला टॉरिन जोडले की टुडका होतो, आणि अमेरिकेत तो पूरक आहार म्हणून चिठ्ठीशिवाय विकला जातो. उर्सोचे खरे उपयोग आहेत. लहान कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवायला, पित्तनलिकांच्या एका जुनाट आजारात, गरोदरपणात पित्त साचून अंगाला खाज सुटते तेव्हाही डॉक्टर ते देतात. पण ते जंतू मारत नाही. लाईमच्या इलाजाची जी मार्गदर्शक तत्त्वे अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी २०२०मध्ये काढली त्यांत डॉक्सिसायक्लिन आहे, अमॉक्सिसिलिन आहे. पित्ताम्लाची शिफारस नाही. स्क्रब टायफसमध्ये लिव्हरचे आकडे वाढतात ते जंतूमुळे, आणि जंतू गेला की ते आपोआप उतरतात.

मग लाईम आणि पित्त यांचा संबंध आला कुठून? एक खरा धागा आहे, आणि गंमत म्हणजे तो न्यू जर्सीचाच आहे. १९९०-९२मध्ये तिथे लाईमच्या संशयावरून काहींना आठवडेच्या आठवडे सेफ्ट्रायॅक्सोन टोचले गेले. हे औषध पित्तातून बाहेर पडते आणि कॅल्शियमशी मिळून पित्ताशयात गाळ धरते. कित्येकांच्या पोटात कळा आल्या, काहींचे पित्ताशय काढावे लागले. इंजेक्शन बंद केले की असा गाळ बहुधा आपला आपण जातो. म्हणजे नको तितके इंजेक्शन टोचायचे आणि मग पित्तासाठी गोळी शोधायची, हा खेळ आमच्या खेड्यांपुरता नाही.

हलालचा प्रश्न राहिला. 'उर्सो' हा शब्द लॅटिनमधल्या अस्वलावरून आला, कारण हे आम्ल अस्वलाच्या पित्तात भरपूर असते आणि चिनी वैद्यकात ते पित्त पूर्वापार वापरले जाते. ऐकून दचकू नका, आजची गोळी अस्वलाची नसते. ती बहुतेक करून गाई-बैलांच्या पित्तातल्या आम्लावर रासायनिक क्रिया करून बनवतात. जनावर कसे कापले, हे पाकिटावर लिहिलेले नसते. मूळ वस्तूचे रूप पूर्ण पालटले तर हुकूमही बदलतो का, यावर फिकहच्या इमामांत मतभेद आहेत; आपल्या आलिमांना विचारावे. कॅप्सूलचे कवच बऱ्याचदा जिलेटिनचे असते आणि परदेशी जिलेटिन डुकराचेही असू शकते, म्हणून बाटलीवर हलालचा शिक्का किंवा वनस्पतीच्या कवचाचा उल्लेख पाहावा. मजबुरीत सवलत आहे हे खरे, पण जी वस्तू गरजेचीच नाही तिच्यात मजबुरी कसली? आर्वीच्या त्या घराला आम्ही कळवले, बाटली मागवू नका. डॉक्टरने स्वतः एखाद्या कारणासाठी उर्सो लिहून दिले असेल तर मात्र आमचे वाचून ते बंद करू नका, ते कशासाठी आहे एवढे विचारा.

तापानंतरचा थकवा खरा असतो. दोन-तीन आठवडे, कधी जास्त. सुनेला चौथ्या दिवशी चुलीपुढे उभे करणे हा त्यावरचा इलाज नव्हे. झोप, वरण, अंडी, जमेल तसे मटण, भरपूर पाणी. ताप परत आला, दम लागू लागला, लघवी कमी झाली किंवा बोलण्यात भ्रम आला, तर थेट सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय गाठावे आणि "वावरात गेली होती" हे पहिल्या वाक्यात सांगावे.

डॉक्सिसायक्लिन घेताना पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला ती चटका लावते. लोहाची किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी तिच्यासोबत घेऊ नये, औषध अंगी लागत नाही. उन्हात डोके झाकावे.

आणि हे फक्त शेतकऱ्यांपुरते आहे असेही नाही. पावसाळ्यात कब्रस्तानात कमरेइतके गवत माजते आणि दफनाला गेलेली माणसे त्यातूनच चालतात. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांच्या दर्ग्याला गेलेली मुले झुडपांत खेळतात. गवतात जाताना पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, कब्रस्तानातले गवत कमिटीने भादव्याआधीच कापून घ्यावे, गवतावर कपडे वाळत घालू नयेत. घरी आल्यावर अंगावरचे कपडे कढत पाण्यात टाकावेत, साबण लावून अंग घासून आंघोळ करावी आणि तेव्हाच काखा, जांघा पाहून घ्याव्यात.