लिथुएनियन आणि डॅनिश : कोणी काय जपले, कोणी काय सोडले

बाल्टिक समुद्राच्या पूर्व काठावर लिथुएनिया आहे, पश्चिमेच्या तोंडाशी डेन्मार्क. लिथुएनियन बोलणारे साधारण तीस लाख, डॅनिश बोलणारे साठ लाखांच्या आसपास. डॅनिश १९७३ पासून युरोपीय समुदायाची (आजच्या युरोपीय संघाची) अधिकृत भाषा आहे, लिथुएनियन २००४ पासून. दोन्ही भारत-युरोपीय कुळातल्या, म्हणजे संस्कृतच्या आणि पर्यायाने मराठीच्याही दूरच्या नात्यातल्या. पण एकीने आपल्या जुन्या विभक्ती सांभाळल्या, दुसरीने जवळपास सगळ्या सोडून दिल्या. आणि गंमत अशी, की दोघींनी जपलेले थोडे थोडे काही मराठीतही जिवंत आहे.

नाते कसे उमगले

डॅनिश ही उत्तर जर्मानिक शाखेतली, स्वीडिश आणि नॉर्वेजियनची सख्खी बहीण. लिथुएनियन बाल्टिक शाखेतली. त्या शाखेत आज तिच्याखेरीज लॅटव्हियन तेवढी उरली आहे. प्राचीन प्रशियन अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली.

हे नाते नीट मांडणाऱ्यांत एक डॅनिश माणूस अग्रभागी होता : रास्मुस रास्क. १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधात उत्तरेकडच्या जुन्या भाषेची ग्रीक, लॅटिन, स्लाव्हिक आणि लिथुएनियन-लॅटव्हियन गटाशी तुलना आहे. ध्वनी नियमाने बदलतात, हे त्याने दाखवले. आपला 'दात' घ्या. लिथुएनियनमध्ये तो 'दन्तिस', डॅनिशमध्ये 'टॅन'. सुरुवातीचा 'द' लिथुएनियनने राखला, डॅनिशमध्ये त्याचा 'ट' झाला. 'पाच'चे तसेच : लिथुएनियन 'पेन्की', डॅनिश 'फेम'. 'प'च्या जागी 'फ' येणे ही जर्मानिक भाषांची ओळखच आहे.

हाच रास्क १८२० साली इराणमार्गे मुंबईला आला. पारशी धर्मग्रंथांची हस्तलिखिते त्याने मिळवली आणि कोपनहेगनला नेली. पुढे लुई येल्मस्लेव या डॅनिश भाषाशास्त्रज्ञानेही डॉक्टरेटचा प्रबंध बाल्टिक भाषांवरच लिहिला, १९३२ साली. लिथुएनियनच्या अभ्यासावर डेन्मार्कचे जुने ऋण आहे, ते असे.

सात विभक्ती, आणि संबोधनही त्यात

लिथुएनियन नामाला सात विभक्ती आहेत. लांडगा म्हणजे 'विल्कस', संस्कृतातला 'वृकः'. लांडग्याचा म्हणजे 'विल्को', लांडग्याला 'विल्कुइ', लांडग्याने 'विल्कु', लांडग्यात 'विल्के'. प्रथमेतला तो शेवटचा 'स' म्हणजे संस्कृतातला विसर्ग. शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकलेल्या माणसाला लिथुएनियन कोष्टक पाहून ओळखीचे कोणी भेटल्यासारखे होते : देव 'दिएवस', धूर 'दूमस', अग्नी 'उग्निस', मध 'मेदुस', मुलगा 'सूनुस', म्हणजे संस्कृत 'सूनुः'. (आपली 'सून' मात्र 'स्नुषा'वरून आली, तिचा इथे संबंध नाही.) आपण 'देवा!' म्हणतो तिथे लिथुएनियन माणूस 'दिएवे!' म्हणतो. माणसांनाही हाक मारताना नावाचे रूप बदलते; योनस नावाच्या मित्राला 'योनाइ' अशीच हाक द्यायची.

त्यांच्याकडे एक म्हण आहे : 'दिएवस दावे दन्तिस, दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. आपल्याकडे चोच देणारा चारा देतो. त्यांच्या म्हणीतला देव, देणे आणि दात हे तिन्ही शब्द आपल्या शब्दांचे भाऊबंद आहेत.

लिथुएनियन लिपीत काही स्वरांखाली एक छोटी शेपटी असते. 'मुलाला' या अर्थाच्या द्वितीयेच्या रूपात शेवटच्या स्वराला ती दिसते. संस्कृतात तिथे 'सूनुम्' मधला 'म्' आहे. एके काळी तो स्वर नाकातून उच्चारला जाई. आता फक्त दीर्घ होतो, पण शेपटी राहिली. मराठीत 'केलें', 'घरें' यांवरचे असेच न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले. सोय झाली हे खरे, पण शब्दाचा इतिहास डोळ्यांना दिसत होता तो गेला. त्याचे मला वाईट वाटते.

डॅनिशने ओझे कुठे टाकले

जर्मानिक भाषांत शब्दाचा आघात सुरुवातीच्या अक्षरावर स्थिरावला. त्यामुळे शेवटची अक्षरे पुटपुटल्यासारखी होत गेली, आणि मध्ययुगात डॅनिशमध्ये बहुतेक प्रत्यय एकसारखे होऊन बसले. प्रत्ययच वेगळे ऐकू येईनात, तेव्हा विभक्ती कशी टिकणार? आज सर्वनामे आणि षष्ठीचा 'स' सोडला तर काही उरलेले नाही. 'पायी' या अर्थी 'टिल फोद्स' असे जे म्हणतात, त्यात जुनी षष्ठी अडकून राहिली आहे. आपल्या 'पायी', 'घरी' मध्ये जुनी सप्तमी राहिली तशी.

क्रियापद तर आणखी हलके. मी, तू, तो, आम्ही, सगळ्यांसाठी 'आहे' याला एकच रूप, 'एर'. लिथुएनियनमध्ये 'एसु, एसि, एसामे, एसाते' अशी वेगवेगळी रूपे आहेत, म्हणून कर्ता गाळला तरी चालतो.

लिंगांच्या बाबतीत दोघींनी वेगवेगळे काढून टाकले. लिथुएनियन नामांत नपुंसकलिंग राहिले नाही. प्रमाण डॅनिशने नपुंसकलिंग ठेवले, पण पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकत्र केले. मराठीने तिन्ही ठेवली.

लिहायचे एक, म्हणायचे दुसरे

व्याकरण सोपे झाले म्हणून डॅनिश सोपी होत नाही. 'काय' या अर्थाचा शब्द एच, व्ही, ए, डी अशा चार अक्षरांनी लिहितात आणि म्हणतात नुसते 'वॅ'. स्वरांची अक्षरे नऊ, ध्वनी त्याहून कितीतरी जास्त. त्यात 'स्ट्यो' नावाचा घशातला हिसका : 'हुन' म्हणजे ती, आणि तोच उच्चार घसा क्षणभर आवळून केला की कुत्रा. संशोधक दोर्थे ब्लेसेस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले, की डॅनिश बाळे सुरुवातीच्या काळात इतर भाषांतल्या बाळांपेक्षा कमी शब्द ओळखतात. जिथे आईच्या मांडीवरच्या मुलालाही वेळ लागतो, तिथे परक्याने धीर सोडू नये.

लिथुएनियन बरीचशी लिहिल्याप्रमाणे बोलतात. अडचण आघाताची : तो एकाच शब्दाच्या रूपांत जागा बदलतो आणि त्याला स्वरांचे चढउतारही असतात.

अडीच विसा, औट विसा

डॅनिश आकडे युरोपात कुप्रसिद्ध आहेत. मराठी माणसाला ते कळायला हवेत. पन्नासला 'हाल्त्रेस' म्हणतात. पूर्ण रूपाचा अर्थ 'अर्धा तिसरा गुणिले वीस', म्हणजे अडीच विसा. साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. सत्तर म्हणजे 'अर्धा चौथा' विसा, साडेतीन विसा. नव्वद साडेचार विसा. आपला 'अडीच' हा संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आला, म्हणजे तोही अर्धा तिसराच. 'अर्धचतुर्थ'चा झाला 'औट'. 'औट घटकेचे राज्य' म्हणतो तेव्हा साडेतीन घटकाच म्हणत असतो. पावकी, निमकी, औटकी पाठ असलेल्या आजोबांना डॅनिश सत्तर समजावून सांगावे लागले नसते. शिवाय पंचावन्नमध्ये आपण पाच आधी म्हणतो, डॅनिश माणूसही तसेच म्हणतो.

लिथुएनियन मात्र सरळ दहाने मोजते. पण तिचे अकरा म्हणजे 'एक उरला', बारा म्हणजे 'दोन उरले', दहा काढून घेतल्यावर. डॅनिश 'एल्वे' आणि 'टॉल' यांची मूळ घडणही हीच.

बंदी

डॅनिशला राजाश्रय होता. १५५० साली तिच्यात संपूर्ण बायबल छापले गेले. लिथुएनियनचे पहिले छापील पुस्तक, मार्टिनास माझ्विदासची धर्मप्रश्नोत्तरी, १५४७ सालचे, तेही परमुलखात, क्योनिग्सबर्गला. रशियन साम्राज्याने १८६३च्या उठावानंतर लिथुएनियन मजकूर रोमन लिपीत छापायला बंदी केली. ती १९०४ पर्यंत टिकली. लोक प्रशियात पुस्तके छापून घेत आणि पाठीवर लादून सरहद्द ओलांडत; पकडले गेलेले कित्येक सैबेरियाला गेले. १६ मार्च हा दिवस लिथुएनियात या ग्रंथवाहकांच्या नावे पाळला जातो.

शिकायची तर

लिथुएनियन पुस्तक उघडून शिका; संस्कृत विभक्तींची कोष्टके आठवत असतील तर ती शेजारी ठेवा. डॅनिशसाठी पुस्तक बाजूला ठेवून आधी काही महिने नुसते ऐका. आणि आकड्यांपाशी आलात की घरातल्या कोणा वयस्काकडून औटकी म्हणून घ्या.