ठरावापासून वापर-प्रमाणपत्रापर्यंत

मध्य प्रदेशात, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, जाम आणि कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत, पांढुर्णा आणि सौंसर या मराठी बोलणाऱ्या तहसिली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या छिंदवाड्यातून वेगळ्या झाल्या आणि पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सखल भागातल्या काळ्या जमिनीत कपाशी आणि संत्र्याचे बगीचे आहेत. डोंगराकडे सरकलं की मुरमाड बरड, जंगल आणि गोंड आदिवासींची गावं, टोले लागतात. पाऊस बिघडला की फटका सगळ्यांनाच बसतो, पण सारखा बसत नाही. बगीचेवाला बोअर आणखी खोल नेऊ शकतो. बरडावरच्या कुटुंबाची विहीर उथळ, माती वीतभर आणि तिच्याखाली कातळ. एका रात्रीत कोसळलेला पाऊस त्या उतारावर थांबतच नाही.

तो थांबवण्याचे उपाय जुने आणि माहितीतले आहेत: समतल चर, दगडी बांध, शेततळं, धुऱ्यावरची झाडं. त्यांना पैसा लागतो आणि तो बहुतेक वेळा अनुदान म्हणून येतो. अनुदान मंजूर झाल्याची बातमी गावात लगेच पोचते. पण ते कुठल्या निधीतून आलं, कुणाच्या सहीने खर्च झालं आणि हिशेब कुणी मान्य केला, हे टोल्यावरच्या माणसाला क्वचितच कळतं. म्हणून हा सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहू.

पैसा कुठून निघतो

हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी सुरू केला. पहिल्या दोन वर्षांसाठी ३५० कोटी रुपये ठेवले आणि अंमलबजावणी नाबार्डकडे दिली. मध्य प्रदेशातला प्रकल्प सीहोर, सतना आणि राजगढ जिल्ह्यांना मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये योजना म्हणून या निधीचा दर्जा संपला. जागतिक पातळीवर अनुकूलन निधी आणि हरित हवामान निधी आहेत. नाबार्डला पहिल्याची मान्यता २०१२ मध्ये आणि दुसऱ्याची २०१५ मध्ये मिळाली. त्यांचे प्रकल्प मोठे असतात आणि अशा मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच पुढे जातात. एखाद्या टोल्याला तिथे थेट अर्ज करता येत नाही.

परदेशी देणगीची वाटही अरुंद झाली आहे. परकीय योगदान कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर देणगी घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो. म्हणजे मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि गावातल्या छोट्या मंडळाला द्यायचा, हा मार्ग बंद आहे.

तेव्हा नावात ‘हवामान’ असलेल्या निधीची वाट पाहण्यापेक्षा कामात हवामान असलेल्या योजना शोधाव्यात. पहिली म्हणजे प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेतला पाणलोट विकास. २०२१ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात सपाट भागासाठी हेक्टरी २२,००० आणि अवघड, डोंगराळ भागासाठी २८,००० रुपये असा दर आहे. केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असतो. दुसरी नाबार्डच्या आदिवासी विकास निधीतली वाडी योजना. २००३-०४ मध्ये ५० कोटींवर सुरू झालेल्या या निधीमागे बाएफ संस्थेचा गुजरातेतल्या वांसद्याचा अनुभव होता: आदिवासी कुटुंबाच्या एक एकरात फळझाडं, कडेने वनझाडं, जोडीला माती-पाण्याची कामं. तिसरा स्रोत म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २७५(१) खाली आदिवासी कल्याणासाठी राज्यांना मिळणारं अनुदान. शिवाय २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेलं धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान १७ मंत्रालयांची कामं आदिवासी गावांत एकत्र आणतं. गावाने विचारायचा पहिला प्रश्न असा: या प्रत्येक योजनेच्या यादीत आपलं गाव आहे का?

आपलं गाव कुठल्या कायद्यात बसतं

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. २००३ च्या राष्ट्रपती आदेशानुसार पांढुर्णा तहसिलीतली बरीच आणि सौंसर तहसिलीतली काही पटवारी हलकी (एकेका पटवाऱ्याकडचे गावगट) संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात येतात. आपलं हलकं त्यात असेल, तर अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झालेले मध्य प्रदेशाचे पेसा नियम गावाला लागू होतात.

या कायद्याच्या कलम ४ मधली दोन पोटकलमं अनुदानाच्या दोन टोकांवर उभी आहेत. एकानुसार पंचायतीने कुठलीही योजना हाती घेण्याआधी तिला ग्रामसभेची मंजुरी लागते आणि लाभार्थी ग्रामसभा निवडते. दुसऱ्यानुसार योजनेवर निधी कसा वापरला याचं प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. सुरुवातही ग्रामसभेत आणि शेवटही ग्रामसभेतच. मध्य प्रदेशाच्या कायद्यात अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेचं अध्यक्षपद सरपंच, उपसरपंच किंवा पंच यांच्याकडे नसतं. जमलेल्यांनी आपल्यातला अनुसूचित जमातीचा सदस्य त्यासाठी निवडायचा असतो. त्यामुळे खर्च करणारा आणि खर्चाची तपासणी करणारा वेगवेगळे राहतात.

एखादी स्वयंसेवी संस्था काम करत असेल, तर मंजुरी आणि प्रमाणपत्राची ही अट तिच्यावर थेट येत नाही. तरी चांगल्या संस्थेने ती आपणहून पाळावी, आणि गावाने पहिल्याच बैठकीत तसा आग्रह धरावा.

आराखडा: पाण्याचा हिशेब आधी

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. समजा, एका गावाचं पाणलोट क्षेत्र ५०० हेक्टर आहे आणि एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला. शिवारावर २५ कोटी लिटर पाणी पडलं. आता १०० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर घ्या. त्यात १८ घनमीटर, म्हणजे १८,००० लिटर पाणी मावतं. असे दहा किलोमीटर चर खोदले तर एका भरण्यात १८ लाख लिटर पाणी अडतं. चर पावसाळ्यात पुन्हा पुन्हा भरतात आणि मुरतात. तरीही २५ कोटींपुढे आकडा लहान आहे. म्हणून काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत साखळीने करावं लागतं: वर चर आणि झाडोरा, मधे दगडी बांध, खाली नालाबांध, शेततळी आणि विहिरींचं पुनर्भरण. फक्त खालचा सिमेंटचा बंधारा बांधला, तर वरची माती वाहून येऊन तो गाळाने भरतो.

याच ५०० हेक्टरांना हेक्टरी २२,००० रुपयांचा दर लावला तर १ कोटी १० लाख रुपये होतात. हा आकडा ग्रामसभेत मोठ्याने सांगितला पाहिजे. त्यातला काही भाग प्रशासन, प्रशिक्षण आणि देखरेखीचा असतो, काही उपजीविकेचा, उरलेला प्रत्यक्ष कामांचा. कुठल्या भागाला किती, हे मंजूर प्रकल्प अहवालात लिहिलेलं असतं आणि त्याची प्रत गावात असायला हवी.

माथ्याची जमीन बहुधा वनखात्याची असते, आणि तिथे काम अडतं असा समज आहे. वनाधिकार कायदा २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे तळी, लहान सिंचन आणि पावसाचं पाणी अडवण्याची बांधकामं यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, एवढ्या अटी आहेत. हा ठराव आराखड्यासोबतच करून ठेवला तर पुढचे महिने वाचतात.

लाभार्थी निवडताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. शेजारच्या अमरावतीसह महाराष्ट्रातल्या १५ जिल्ह्यांतल्या सुमारे पाच हजार गावांत २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबवला गेला. तिथे गावसमिती, पाण्याचा ताळेबंद आणि थेट खात्यात अनुदान ही पद्धत होती. थेट खात्यामुळे मधली गळती कमी होते. पण आधी स्वतःच्या खिशातून खर्च करा, अनुदान नंतर मिळेल, ही रीत असली की हातात भांडवल नसलेलं कुटुंब मागे राहतं. म्हणून आदिवासी टोल्यांसाठी आगाऊ हप्ता, नाहीतर बचत गटाकडून अल्पकाळाचं कर्ज, ही सोय आराखड्यातच लिहून घ्यावी. भूमिहीन घरांना मजुरीपलीकडे काय मिळणार, तळ्यातली मासेमारी की शेळ्या, हेही तिथेच ठरवावं.

संत्र्याच्या बाबतीत मुदतीचं गणितही पाहावं. कलम लावल्यापासून विकण्याजोगं फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात. तीन वर्षांत संपणाऱ्या अनुदानातून फक्त झाडं दिली, तर ती वाढायच्या आतच पाणी, खत आणि कुंपणाची मदत थांबते. आधी पाणी, मग झाडं, हाच क्रम बरा.

हप्ते आणि पाऊस

अनुदान एकदम येत नाही, हप्त्यांनी येतं. पहिल्या हप्त्याचा ठरलेला भाग खर्च करून वापर-प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत संस्थांसाठी त्याचा नमुना १२-अ आहे, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते द्यायचं असतं. मात्र बारा महिने थांबलात तर मधला एक पावसाळा हातचा जातो. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याजही गावाचं नसतं. केंद्राचा पैसा असेल तर हिशेब पक्का झाल्यावर ते सरकारजमा करावं लागतं. ते खर्चून टाकलं तर लेखापरीक्षणात वसुली निघते.

खरी अडचण दोन वर्षांच्या भांडणाची आहे. सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि मातीकामाचा हंगाम फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. ऐन कामाच्या दिवसांत जुनं वर्ष बंद होतं आणि नव्या वर्षाचा पैसा यायचा असतो. यावर उपाय एकच: जागेची आखणी, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी हिवाळ्यातच संपवायची आणि झालेल्या कामाचं मोजमाप दर आठवड्याला करून घ्यायचं. पहिल्या जोरदार पावसानंतर चरात गाळ बसतो. मग उपयंत्र्याच्या मोजमाप पुस्तकात काम कमी भरतं, आणि मजुराने खोदलेल्या मातीचा पैसा बुडतो.

चार वह्या

गावसमितीला मोठ्या हिशेबनीसाची गरज नाही. चार वह्या नीट ठेवल्या तरी पुरे. ठराव वहीत काय ठरलं आणि कोण हजर होतं. रोकड वहीत तारीखवार जमा-खर्च, प्रत्येक खर्चापुढे व्हाउचरचा क्रमांक. हजेरीत मजुराचं नाव, दिवस, रक्कम आणि सही किंवा अंगठा. साठा वहीत सिमेंट, पाइप, कलमं किती आली, कुठे लागली, किती उरली.

तपासणीची पद्धतही सोपी आहे. बिलात सिमेंटच्या चाळीस गोण्या असतील तर साठा वहीत चाळीस आल्या पाहिजेत, आणि बांधाच्या मोजमापावरून तेवढं सिमेंट तिथे लागतं का हे पडताळता आलं पाहिजे. तिन्ही आकडे जुळले तर हिशेब खरा. खात्यावर दोन सह्या असाव्यात, त्यातली एक बाईची. कोऱ्या चेकवर आधी सही करून ठेवायची नाही, हा नियम मैत्रीतसुद्धा मोडू नये.

सरकारी कागद हिंदीत असतात. ते तसेच राहू द्यावेत, पण सभेत हिशेब मराठीत आणि गोंडीत वाचावा. मोजमाप टेपने, सगळ्यांसमोर, शिवारात जाऊन दाखवावं. आपल्या धुऱ्यावरचा चर किती मीटर आहे, हे शेतकऱ्याला कागदापेक्षा चांगलं माहीत असतं.

प्रकल्प संपल्यावर

पाणलोटाच्या २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांनी एक चांगली रीत घालून दिली. खासगी जमिनीवरच्या कामासाठी शेतकऱ्याने १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्याने ५ टक्के वाटा द्यायचा. वीस हजारांच्या बांधबंदिस्तीवर आदिवासी शेतकऱ्याचे एक हजार रुपये. ही रक्कम पाणलोट निधीत साठते आणि प्रकल्प संपल्यावर दुरुस्तीला लागते. हा वाटा मजुराच्या पगारातून परस्पर कापू नये. स्वतःच्या शेतातल्या कामासाठी तो शेतकऱ्याने समजून द्यावा. मध्य प्रदेशात ग्रामसभेच्या ग्रामकोषाचे अन्न, श्रम, वस्तू आणि नगद असे चार भाग आहेत, त्यामुळे गाळ काढण्याचं श्रमदानही तिथे जमा म्हणून नोंदवता येतं.

आता वर्षाचा क्रम लावता येतो. राज्यात २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा आहेत. २ ऑक्टोबरला पावसाळा पाहून आराखडा आणि लाभार्थ्यांची यादी मंजूर करावी. २६ जानेवारीला कामांचा क्रम आणि मजुरीचा दर जाहीर करावा. १४ एप्रिलला, आर्थिक वर्ष बंद झाल्यावर, चारही वह्या वाचून दाखवाव्यात. १५ ऑगस्टला कुठे पाणी थांबलं आणि कुठे बांध फुटला याची नोंद घ्यावी.

यात सर्वांत मोलाची सभा १४ एप्रिलची. त्या दिवशी ग्रामसभेने वापराचं प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते ठरवायचं असतं. वह्या वाचल्या नाहीत, शिवार पाहिलं नाही, आकडे जुळले नाहीत, तर प्रमाणपत्र रोखून धरण्याचा अधिकार पेसा कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. तो वापरण्याची तयारी गावाने ठेवली, तर पैसा देणाऱ्याला आणि खर्च करणाऱ्यालाही गावाशी नीट बोलावंच लागेल.