दोष दिसतो तिथे नसतो

वायरिंगचा बिघाड असतो एका ठिकाणी आणि दिसतो भलत्याच ठिकाणी. इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकते. डांबरी रस्त्यावर फ्यूज टिकतो आणि खडकाळ वाटेवर उडतो. सगळं नवं सामान घातलं तरी तक्रार तशीच राहते. वापरलेल्या गाडीत तर आधीच्या प्रत्येक मालकाने केलेली जोडाजोड या सगळ्यात मिसळलेली असते. हे गुंतवळ सोडवणारी माणसं काम कसं करतात, ते नगरजवळच्या भिंगारमधल्या एका गॅरेजात बसून मला जवळून पाहायला मिळालं.

भिंगारला लष्करी गाड्यांचं अप्रूप नाही. शेजारीच छावणी आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आणि वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था, हे सगळं नगर परिसरातच आहे. लष्कराने लिलावात काढलेली जुनी जिप्सी इथे दुरुस्तीला आली तर कोणी मान वळवूनही पाहत नाही. मारुतीने १९८५ मध्ये आणलेली ही फोर बाय फोर गाडी वजनाला हलकी, चढाला चिवट आणि दुरुस्तीला सोपी. मी पाहिली ती जिप्सी पाथर्डीकडच्या एका शेतकऱ्याची होती. करंजी घाटाच्या वरच्या अंगाला, गर्भगिरीच्या उतारांवर त्यांची जमीन. पावसाळ्यात तिथे दुसरं वाहन चढत नाही.

तक्रारी चार होत्या. हेडलाइट मंद. उजवा इंडिकेटर लावला की त्या बाजूची टेललाइटही उघडझाप करते. टेलचा फ्यूज कच्च्या रस्त्यावर उडतो. आणि गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. आधी कुणीतरी बॅटरी नवी घातली होती, हेडलाइटचे बल्ब बदलले होते. पैसे गेले, तक्रारी राहिल्या.

गॅरेजचे उस्ताद लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई कोअरमधून निवृत्त झालेले. गिऱ्हाइकं त्यांना हवालदारसाहेब म्हणतात. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी मालकाला विचारलं, "रंग कधी मारला?"

प्रश्न अनपेक्षित वाटला, पण त्यामागे पक्कं कारण होतं. मोटार वाहन नियमांनुसार लष्करी हिरवा रंग फक्त संरक्षण दलांच्या वाहनांना चालतो. त्यामुळे लिलावात घेतलेली गाडी पासिंगच्या आधी दुसऱ्या रंगात न्यावीच लागते. गाडीतल्या बहुतेक दिव्यांना परतीची वेगळी वायर नसते. वीज बॅटरीतून वायरीने दिव्यापर्यंत जाते आणि चासी-बॉडीच्या पत्र्यातून परत येते. हा परतीचा रस्ता म्हणजे अर्थ. रंगारी घाईत असेल तर अर्थच्या बोल्टखालीही रंग जातो, आणि रंगातून वीज जात नाही.

तपासणी बॅटरीपासून सुरू झाली. उभ्या गाडीत मीटरने १२.५ व्होल्ट दाखवले. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास असते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा १०.४पर्यंत उतरला. तो ९.६च्या खाली गेला असता तर बॅटरीवर संशय घ्यावा लागला असता. इंजिन सुरू झाल्यावर १३.९, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही निर्दोष.

मग हेडलाइट. इथे मला या कामाचं मर्म कळलं. कपलर काढून मोकळ्या पिनेवर मीटर लावला तर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळतं. तेवढ्यावर "करंट येतोय" म्हणून निकाल देणारे पुष्कळ असतात. पण मीटर स्वतः जवळपास वीज खातच नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मीटरला ती पुरते. हेडलाइटच्या दोन बल्बांना लागणारे दहाएक अँपिअर मात्र तिच्यातून जाऊ शकत नाहीत. म्हणून मोजमाप दिवा पेटता ठेवूनच करायचं.

उस्तादांनी दिवे लावले, इंजिन सुरू ठेवलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लसवर ठेवलं. आकडा आला १.६ व्होल्ट. म्हणजे जाण्याच्या वाटेवर, स्विच आणि कपलरच्या जोडांमध्ये, एवढं व्होल्टेज सांडत होतं. मग बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं. ०.९ व्होल्ट. चांगल्या अर्थवर हा आकडा ०.१ किंवा फार तर ०.२ असावा. बल्बच्या वाट्याला १३.९ पैकी ११.४ व्होल्ट येत होते. फिलामेंटच्या दिव्याचं गणित कठोर असतं: व्होल्टेज पाचव्या हिश्शाहूनही कमी घटलं, तरी उजेड जवळपास निम्म्यावर येतो. नवे बल्ब घालून फरक का पडला नव्हता, याचं उत्तर दोन आकड्यांत मिळालं.

जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम इथे रोजच्या वापराचा आहे. दहा अँपिअरला ०.९ व्होल्ट सांडतात, म्हणजे अडथळा ०.०९ ओहम. इतका बारीक अडथळा साध्या मीटरच्या ओहमच्या खुणेवर विश्वासाने मोजताच येत नाही. वीज वाहती ठेवून सांडलेले व्होल्ट मोजले की तोच अडथळा लपू शकत नाही. मडगार्डच्या आतला अर्थचा बोल्ट काढला, रंग खरवडून पत्रा लखलखीत केला, नवं थिंबल दाबून बसवलं, वर ग्रीस लावलं. हेडलाइटला रिले बसवून भार स्विचवरून उतरवला. दोन्हीकडचे आकडे मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत आले. एकही बल्ब बदलावा लागला नाही.

लुकलुकणाऱ्या टेललाइटचं कोडंही अर्थचंच निघालं. मागच्या दिव्याच्या खोबणीत इंडिकेटर, ब्रेक आणि टेल यांचा परतीचा रस्ता एकच असतो. तो तुटला की इंडिकेटरची वीज दुसरी वाट शोधते. ती टेलच्या फिलामेंटमधून उलटी शिरते आणि त्याच वायरीवरच्या पलीकडच्या दिव्यातून पत्र्यात उतरते. म्हणून जिथे वीज पोचायलाच नको तिथे उजेड दिसतो. नको तो दिवा पेटला की आधी अर्थ बघायचा, असं उस्ताद शिकाऊ पोराला सांगत होते.

फ्यूज उडण्याचा दोष सगळ्यांत चिवट होता, कारण गॅरेजात तो उडतच नव्हता. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा नुसती तार घालणारे लोक आहेत. ते गाडी जाळण्याचं काम करतात. फ्यूज हा मुद्दाम कमकुवत ठेवलेला दुवा आहे. तो बळकट केला की त्याच्याऐवजी वायर जळते. उस्तादांनी टेलचे सगळे बल्ब काढले, फ्यूजच्या जागी हेडलाइटचा एक बल्ब जोडला आणि टेलचा स्विच चालू केला. बल्ब विझलेलाच राहिला. मग पोराला मागच्या बंपरवर उभं राहून गाडी दाबायला सांगितलं. पाटे दबले आणि बल्ब भक्कन पेटला. शॉर्ट होतं तेव्हा सगळी वीज त्या बल्बमधून जाते. बल्ब तिला आवर घालतो, वायर तापत नाही आणि दोष डोळ्यांना दिसतो.

गाडीखाली सरकून ते हार्नेस एकेका क्लिपपाशी हलवत मागे गेले. मागच्या ॲक्सलजवळ टेप गुंडाळलेलं एक तोडलेलं टोक निघालं. लष्करी गाड्यांचं मागचं डिफरन्शिअल पांढरं रंगवलेलं असतं आणि त्यावर उजेड पाडणारा एक छोटा दिवा असतो. रात्री हेडलाइट बंद ठेवून ताफा चालतो तेव्हा मागचा ड्रायव्हर त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून अंतर राखतो. लिलावानंतर कुणीतरी तो दिवा काढला, पण वायर जिवंतच सोडली. टेप घासून फाटला होता. खड्ड्यात पाटे दबले की तांबं चासीला टेकायचं. उस्तादांनी ती वायर टोकाला टेप लावून सोडली नाही. जिथून फुटत होती तिथूनच काढली, जोड सोल्डरने पक्का केला आणि स्लीव चढवली.

राहिली उतरणारी बॅटरी. चावी बंद करून मायनसची केबल सोडली आणि मधे मीटर अँपिअरवर जोडला. आता सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटर जातो. आकडा होता ०.४ अँपिअर. अशा गाडीत तो ०.०५च्या आत हवा. ०.४ म्हणजे दिवसाला जवळपास दहा अँपिअर-तास. पस्तीसची बॅटरी तीन दिवसांत सेल्फला नालायक होणारच. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलला नाही. याचा अर्थ गळती फ्यूजबॉक्सच्या बाहेर होती. सीटखाली स्पीकरचा ॲम्प्लिफायर सापडला. त्याला जागं ठेवणारी वायर चावीवरून न घेता थेट बॅटरीवर जोडलेली होती. ती चावीवर घेतली, वाटेत फ्यूज घातला, गळती थांबली.

ही रीत कोणत्याही गाडीला लागू पडते. नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्हींची रचना लहान, पण त्यांचा अर्थही फ्रेममधूनच जातो. तिथे खाऱ्या हवेने इन्सुलेशनच्या आतलं तांबं हिरवं पडतं. आपल्या पर्जन्यछायेत धूळ, घासणं आणि इंजिनच्या उष्णतेने कडक झालेलं इन्सुलेशन ही कारणं जास्त. शोधाचा क्रम तोच: बॅटरी, अर्थ, भार देऊन मोजमाप, आणि मग नंतर जोडलेल्या प्रत्येक गोष्टीवर संशय.

शेवटी बिल झालं. सामान म्हणजे एक रिले, थोडी वायर, थिंबल, स्लीव आणि फ्यूज. बाकी सगळी मजुरी. मालकाने आधी बॅटरी आणि बल्बांचे पैसे बिनतक्रार मोजले होते. मजुरीच्या आकड्यापाशी मात्र ते थांबले. हा अनुभव रोजचा, असं उस्ताद म्हणाले. हातात दिसणाऱ्या सामानाचे पैसे आपण देतो, शोधण्याचे देताना मन आखडतं. त्यामुळेच बऱ्याच ठिकाणी शोध न घेता भाग बदलले जातात, कारण बिलात दाखवायला भाग असतो. प्रत्येक गॅरेजच्या बिलावर "दोष शोधणे" अशी वेगळी ओळ असावी, आणि आपण ती न कुरकुरता भरावी. नीट मोजून शोधलेला दोष परत येत नाही. अंदाजाने बदललेला भाग मात्र आपण पुनःपुन्हा विकत घेत राहतो.