हस्तलिखित संपादकाच्या हाती देण्यापूर्वी

लेखकाशी दीर्घ विचारविनिमय करून पुनर्लेखनाचा आग्रह धरण्याची जी शिस्त मौज प्रकाशन गृहाचे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथा’ मासिकाचे राम पटवर्धन यांनी मराठीत रुजविली, ती १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडल्यानंतरही प्रत्येक कादंबरीकारास मार्गदर्शक ठरावी अशीच आहे. त्याच दृष्टीने लेखकाने स्वतः पाळावयाची पथ्ये अशी :

• पहिला खर्डा : तो पूर्ण होईपर्यंत दुरुस्तीस हात घालू नये; पूर्ण झाल्यावर काही आठवडे दप्तरात बंद ठेवावा, म्हणजे स्वतःचेच लेखन त्रयस्थ दृष्टीने पाहता येते.

• रचना आधी, भाषा मागाहून : जे प्रकरण पुढे वगळावे लागणार, त्यातील वाक्ये घासण्यात श्रम व्यर्थ जातात, यास्तव प्रत्येक प्रकरणाचा एका ओळीत गोषवारा लिहून, ज्या प्रकरणायोगे कथानक वा पात्र यांपैकी काहीच विकसित होत नाही, ते निःसंकोच काढून टाकावे.

• तपशील : पात्रांची वये, नाती, तिथी व स्थळे यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी.

• संवाद : मोठ्याने वाचावेत, प्रत्येक पात्राची बोली निराळी ऐकू आली पाहिजे.

• अखेरचा अधिकार : दोष दाखविणे हे संपादकाचे कर्तव्य; त्या दोषाच्या परिहाराचा मुखत्यार मात्र लेखकच.