घाटाखालून घाटावर

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला त्याचे गाव विचारावे, तर तालुक्याचे नाव सांगण्याआधी तो बहुधा 'घाटाखालचा' की 'घाटावरचा' एवढे सांगून मोकळा होतो. मोगल अंमलात वऱ्हाड सुभ्याचे पाईनघाट आणि बालाघाट असे जे दोन भाग मानले जात, त्यांची दप्तरे केव्हाच मिटली असली तरी तो भेद लोकांच्या जिभेवर अद्याप नांदतो आहे. खाली पूर्णेचे कपाशीच्या काळ्या जमिनीचे सपाट खोरे, वर अजिंठ्याच्या रांगेचे पठार, आणि त्यांच्या मधोमध ज्ञानगंगेने कोरलेली अरण्यमय दरी, अशी या मुलखाची रचना आहे. वारसास्थळे एका सहलीत आणि जंगल दुसऱ्या सहलीत असा जो प्रघात पडला आहे, तो मला या जिल्ह्यापुरता तरी मुळीच मान्य नाही. एकच घाट येथे नद्या विभागतो, श्वापदांना आसरा देतो आणि राजवटींच्या सीमाही आखतो. म्हणून त्याची कथा एका सलग प्रवासात, जाणत्या वाटाड्याच्या तोंडून ऐकली पाहिजे.

या प्रवासाचा स्वाभाविक आरंभ शेगावी होतो. 1878 साली गजानन महाराज जेथे प्रकट झाले, तेथे दर्शनाला आलेली मंडळी दहा-वीस कुटुंबे मिळून एस. टी. ची अख्खी गाडी 'प्रासंगिक करारा'ने ठरवतात आणि खामगावमार्गे बोथ्याच्या जंगलातून घाट चढू लागतात. 1997 साली घोषित झालेले ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे 205 चौरस किलोमीटरांचे आहे. साग, सालई, धावडा, पळस यांच्या या शुष्क पानझडी वनात बिबट्या, तडस, रोही, चिंकारा असले, तरी या दरीचा खरा मालक अस्वल होय. मोठी गाडी आत जात नाही. प्रवाशांनी फाटकापाशी उतरून लहान वाहनांत, स्थानिक वाटाड्यासह बसायचे. मी गेलो त्या पहाटे अस्वल दिसले नाही. वाटाड्याने मात्र गाडी थांबवून एक वारूळ दाखवले: कडेची माती ताजी उकरलेली, भोकाच्या ओठावर नखांचे ओरखडे, आणि वाळवी आत ओढून घेण्यासाठी जेथे त्या जनावराने तोंड लावले असेल तेथे धूळ फुंकरीने सारल्यासारखी स्वच्छ. प्राणी दिसला असता तर आम्ही तो क्षणभर पाहिला असता. वारुळापाशी आम्ही पंधरा मिनिटे रेंगाळलो.

याच दरीत 2019 च्या डिसेंबरात एक तरुण वाघ येऊन पोहोचला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेल्या त्या वाघाने गळ्यातील रेडिओपट्ट्याच्या साक्षीने, शेते, महामार्ग आणि तेलंगणाचा मुलूख ओलांडीत, सुमारे पाच महिन्यांत 1,300 किलोमीटरांहून अधिक वाटचाल केली होती. अभयारण्याच्या नकाशावरील रेषा माणसांनी आखल्या. जनावरांना लागते ती झुडपे, नाले आणि पाणवठे यांची अखंड साखळी, हे त्या एकट्या वाघाने जितके स्पष्ट करून दाखवले, तितके अहवालांच्या गठ्ठ्यांनीही क्वचितच होते.

घाटमाथ्यावर आल्यावर गाडी थांबवून पाण्याची गोष्ट अवश्य सांगावी. येथून एका अंगाला पडलेला पाऊस ज्ञानगंगेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि अखेर पश्चिम समुद्राला मिळतो. दुसऱ्या अंगाचा, मढजवळच्या बुधनेश्वराला उगम पावणाऱ्या पैनगंगेबरोबर वर्धा आणि गोदावरी करीत पूर्व समुद्राकडे जातो.

पुढे चिखली, देऊळगाव राजा मागे टाकून सिंदखेड राजा येते. लखुजी जाधवरावांचा वाडा, 1598 साली जेथे जिजाऊंचा जन्म झाला ती वास्तू, रंगमहाल, पुतळा बारव आणि मोती तलाव ही नावे प्रत्येक सहलीत घेतली जातातच. परंतु 1629 साली देवगिरीवर निजामशाहाच्या दरबारात मारल्या गेलेल्या लखुजींच्या प्रचंड समाधीपाशी गाडी क्वचितच थांबते, याची मला खंत वाटते. मागे एका सहलीत आम्हांला एका दिवसात आठ स्थळे दाखवण्यात आली. त्यांतले आज मला फक्त चहाचे दुकान आठवते.

लोणारला मात्र घाई करताच येत नाही. उल्काघाताने बसाल्टच्या खडकात पडलेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर किती जुने, याबद्दल विद्वानांचा निर्णय पन्नास-बावन्न हजार वर्षांवरून पुढे पावणेसहा लाखांच्या घरात सरकला. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. परंतु त्याच्याही फार पूर्वी आईन-इ-अकबरीत या स्थळाचा आणि तेथील क्षारांपासून होणाऱ्या महसुलाचा उल्लेख आला आहे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या क्षारांची नावे होती, आणि काच व साबण करणाऱ्यांना त्यांची गरज असे. 2020 च्या जूनमध्ये विवरातले सरोवर गुलाबी झाले, तेव्हा लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा तो वर्ण असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा लाभला. काठावर गोमुखाची धार बारमाही गोड, आणि खाली तळ्याचे पाणी असे खारट की जिभेला लावू नये.

कमळजादेवीच्या देवळापाशी आमच्या वाटाड्याने खिशातून हळद माखलेला कागद काढला आणि तो तळ्याच्या पाण्यात बुडवून वर धरला. पिवळा कागद पाहता पाहता तांबडा झाला. आमच्या गाडीतले विद्यार्थी क्षारधर्माविषयी काही बोलू लागले, तेवढ्यात शेगावहून आमच्याबरोबर आलेली एक वृद्ध बाई पुढे सरकली, कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "अवं, हे त कुकू झालं!" हळदीला क्षार लावून कुंकू करण्याची रीत तिने माहेरी पाहिली होती, आणि ती आता सर्वांना सविस्तर सांगू लागली, वाटाड्या तिच्या शेजारी दगडावर बसून ऐकत होता, आणि वर काठावर गाडीचा भोंगा दोनदा वाजून गेला तरी कोणी उठले नाही.