का आणि कसं? : लांब पल्ल्याला काटक शरीरच का?

भिंगारच्या लष्करी हद्दीलगत पहाटे सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. सुरुवातीला दणकट गडी पुढे असतो, पण शेवटी एखादा शिडशिडीत त्याला गाठतो. असं का?

पळणं म्हणजे एकामागून एक उड्या. दर पावलाला शरीर वर उचलायचं आणि वजनाच्या दोन-तीन पट जोराचा दणका झेलायचा. त्यामुळे अंगावरचा जादा किलो प्रत्येक पावलाला जाणवतो.

त्याहून मोलाचं म्हणजे वजन आहे कुठे. दोरीला दगड बांधून फिरवा; दोरी लांब सोडली की हात लवकर भरून येतो. पायाचंही तेच. प्रत्येक बुटात 100 ग्रॅम वाढले, तर ऊर्जेचा खर्च सुमारे 1 टक्क्याने वाढतो. म्हणूनच बारीक पोटऱ्या हे धावपटूचं भाग्य!

शिवाय उष्णता. देह मोठा होतो तसं वजन झपाट्याने वाढतं, त्वचा त्या मानाने कमी. आतली धग बाहेर पडायला वाट अपुरी पडते.

पण म्हणून वजन उतरवायला भरतीआधी उपाशी राहू नका. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ते तर लागतातच. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, महार रेजिमेंटचा जवान, याने 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत पूर्ण केली. या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. त्यासाठी मांड्यांत ताकद हवीच.