हैदराबादेत मारुती ८०० शोधताना

जुन्या गाड्या पाहायच्या तर सकाळी लवकर काचीगुड्याहून बरकतपुऱ्याकडे पायी निघावं. रस्ता भरला की एसयूव्हींच्या गर्दीत त्या झाकल्या जातात. मी शोधतो ती मारुती ८००. डिसेंबर १९८३मध्ये ती पहिल्या ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात कितीतरी मध्यमवर्गीय घरांची ती पहिली गाडी ठरली. आता मात्र तिच्यासाठी नजर तयार ठेवावी लागते.

आधी चाकं बघायची. बारा इंची चाक आजच्या गाड्यांशेजारी इवलंसं दिसतं. मग नंबर. ‘एपी ०९’ खैरताबादचा, ‘एपी १०’ सिकंदराबादचा, ‘एपी ११’ मलकपेटचा. जून २०१४मध्ये तेलंगण झाल्यावर ‘टीएस’ आलं, २०२४पासून ‘टीजी’. जुने नंबर तसेच राहिले. ‘टीएस’ची ८०० दिसलीच, तर ती बहुधा परराज्यातून आलेली.

नंतर कान द्यायचा. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन थंड असताना किंचित थरथरतं. कार्बोरेटरवाली जुनी गाडी असेल, तर मालक चोक ओढतो, इंजिनाचा आवाज एकसारखा होईपर्यंत थांबतो, चोक हळूहळू आत ढकलतो आणि मगच गिअर टाकतो. इतका धीर त्या गाडीशी जुनी ओळख असलेल्यालाच असतो.

ती इतकी विरळ का झाली, याचं एक उत्तर एप्रिल २०१०मध्ये आहे. हैदराबादसह १३ शहरांत भारत स्टेज ४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि कंपनीनं तिथे ८०० विकणं थांबवलं. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे शहरात नवी घेतलेली शेवटची ८००सुद्धा २०२५मध्ये ही मुदत ओलांडून गेली. पुढे चालवायची तर गाडी तपासणीला न्यायची, फी भरायची, पाच वर्षांची मुदतवाढ घ्यायची. कारची ही फी २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली. गाडीला येणारी किंमत पाहता अनेकांनी भंगाराचा रस्ता धरला. म्हणून शहरात नवी घेतलेली आणि आज नियमानं धावणारी प्रत्येक ८०० कुणीतरी ठरवून जपलेली आहे.

राजेरजवाड्यांच्या गाड्या संग्रहालयं सांभाळतात. घराघरांतली गाडी घरांनीच सांभाळायला हवी. तुमच्या दारात ८०० असेल, तर आज आरसीवरची तारीख पाहा आणि मुदत संपण्याआधी अर्ज करा. विकायचीच असेल, तर ती चालवणाऱ्या माणसाला द्या.